बेटावर झाडं लावायला येणाऱ्यांना घारापुरीहून खुलं पत्र

प्रति,
दर पावसाळ्यात घारापुरीला वृक्षारोपणासाठी येणाऱ्या कंपन्या, क्लब, संस्था आणि त्यांचे कार्यक्रम आखून देणारे ठेकेदार

सप्रेम नमस्कार.

येत्या 5 जूनला आमच्या बेटावर काही हजार रोपं लावायची, असं तुमच्यापैकी एका कंपनीने ठरवलं आहे. ठरलं ते मुंबईत. आम्हाला कळलं ते खड्डे मारायला माणसं मिळतील का, अशी विचारणा आली तेव्हा. रोपांची यादी मागितली, ती आली: गुलमोहर, गिरीपुष्प, सोनमोहर, शोभेचे पाम. जागा विचारली, तर डोंगराचा ‘मोकळा’ गवताळ उतार आणि किनाऱ्यालगतचा ‘रिकामा’ चिखल. मग पाणी कोण घालणार, हे विचारलं. त्याला अजून उत्तर आलेलं नाही.

मी कोणाचंही नाव घेणार नाही. दर वर्षी नावं बदलतात, टोप्यांचे आणि टी-शर्टांचे रंग बदलतात, पद्धत तीच राहते. म्हणून हे पत्र एकाला नाही, सगळ्यांना आहे, आणि उघड आहे.

आधी माझा यात काय संबंध, ते सांगतो. मी याच बेटावरचा. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही आमची तीन गावं. उरण तालुका, रायगड जिल्हा. गेटवेवरून लाँचने तासाभरात तुम्ही येता, लेणी बघता, संध्याकाळच्या आत परत जाता. लेणी 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि आमच्यातली बरीच घरं त्यांच्यावरच चालतात. माझंही वाटेवर लिंबू-सरबताचं आणि काकडीचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार बांबू आणि एक ताडपत्री. गिऱ्हाईक थांबतं ते सावलीमुळे, सरबत नंतरची गोष्ट. तेव्हा झाड माझ्यासाठी निसर्गप्रेमाचा विषय आहे तितकाच पोटाचाही आहे.

आम्ही काही जण मिळून बेटावरच्याच झाडांच्या बिया गोळा करून रोपं करतो. गावातली पोरं, दोन-तीन म्हाताऱ्या आणि सुट्टीला मुंबईहून, उरणहून येणारी काही मंडळी. आमच्या गटाला नाव नाही, नोंदणी नाही. घरामागच्या पडवीत दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांतली रोपं, एवढाच पसारा. तुमच्या कार्यक्रमासमोर हे फारच लहान वाटेल. पण मे महिन्यात डोक्यावर कळशी घेऊन चढण चढणारी माणसं हीच आहेत. म्हणून बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

आता गाऱ्हाणी.

पहिलं तारखेचं. 5 जून हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला पर्यावरण दिन आहे. तो जगासाठी ठरवला, मुंबईचा पाऊस बघून नाही. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीखच 11 जून आहे. पाच तारखेला आमचा कातळ तापलेला असतो, माती वीतभर खणली तरी कोरडी. त्यात लावलेलं रोप पहिल्या चार दिवसांतच मान टाकतं. पुढे पाऊस लागला की समुद्र खवळतो, लाँच कधी चालतात, कधी बंद. म्हणजे लावून गेलेला माणूस बघायलाही येऊ शकत नाही. आपल्या देशात 1950 साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाळतात. त्यामागे शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही असं कारण आहे: तोवर ओल खाली उतरलेली असते. फोटो 5 जूनलाच हवा असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावरचं प्लास्टिक उचला. ते उचलायला पावसाची वाट बघावी लागत नाही.

दुसरं गाऱ्हाणं झाडांच्या जातीचं. इथे मला जरा सविस्तर बोलू द्या.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फुलतो सुंदर, त्याबद्दल वाद नाही. पण लाकूड ठिसूळ, मुळं वरवरची, आणि आमचं बेट चारही बाजूंनी वाऱ्याच्या तोंडात. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ समुद्रातून वर सरकलं. ज्या वाटेवर रोज शेकडो माणसं चालतात, तिच्या कडेला असलं झाड कशाला लावायचं?

गिरीपुष्प मध्य अमेरिकेचं. त्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात, कारण पाला आणि साल उंदरांना विषारी. गुरं-शेरडंही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. ठेकेदाराला ते आवडतं ते नेमकं यासाठीच. राखण नको, कुंपण नको, फांदी खोचली तरी जगते, कागदावर ‘जगण्याचं प्रमाण’ चांगलं दिसतं. शेताच्या बांधावर हिरवळीचं खत म्हणून ते लावतात, त्याला माझा विरोध नाही. पण एकदा डोंगरावर पसरलं की त्याच्याखाली दुसरं काही वर यायला फार झगडावं लागतं. ऑस्ट्रेलियन बाभळीचं तर त्याहून वाईट. तिचा पाला लवकर कुजत नाही, जाड थर साचतो आणि उन्हाळ्यात ठिणगी पडली की तोच पेटतो. शेजारच्या गुजरातने 2023 मध्ये कोनोकार्पस या शोभेच्या परदेशी झाडावर बंदी घातली. तेही आधी हौसेनेच शहरभर लावलं होतं.

मग लावायचं काय? बेट आधीच सांगतंय. इथे करंज आहे, आंबा आहे, चिंच आहे, मधूनमधून ताड आहेत. चिंच फार जुन्या काळी बाहेरून आलेली म्हणतात, पण ती आता घरचीच झाली, तिला मी पाहुणी म्हणणार नाही. करंजाचंच बघा. थोडे दिवस पान गाळतो आणि ऐन उन्हाळ्यात नव्या पालवीने भरतो, म्हणजे सावली हवी तेव्हाच सावली. खारा वारा सोसतो. शेंगेच्या वर्गातला असल्यामुळे माती सुधारतो. शेंगा उन्हाळ्यात वाळून खाली पडतात, गोळा करायला पैसे लागत नाहीत. जांभळाचं मात्र वेगळं. त्याची बी साठवली की मरते. फळ पडलं, खाल्लं, धुतलं आणि दोन-चार दिवसांत मातीत गेलं पाहिजे. पांगारा आणि काकड यांच्या जाड फांद्या पावसाळ्यात खोचल्या तरी लागतात. बेहड्याची बी टणक, तिला धीर लागतो. हे सगळं आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. तुमच्या यादीत यातलं एकही नाव नाही, आणि यादी करणाऱ्याने यातल्या एकालाही विचारलेलं नाही.

शिवाय रोपं येतात कुठून? लांबच्या रोपवाटिकेतून ट्रकने, मग लाँचने. फूटभर पिशवीत वर्षभर कोंडलेली, मुळं तळाशी गुंडाळलेली. बेटावरच्याच झाडाच्या बीचं रोप आमच्या वाऱ्यात, आमच्या मातीत उगवलेलं असतं. ते हातभर असलं तरी तुमच्या चार फुटी रोपाला मागे टाकतं. उंच रोप फोटोत दिसतं, लहान रोप जगतं. हे सगळ्या माळ्यांना माहीत आहे.

तिसरं गाऱ्हाणं जागेचं, आणि हे मला सगळ्यात गंभीर वाटतं. जिथे झाड नाही ती जागा रिकामी, असं तुम्ही धरून चालता.

गवताचा उतार रिकामा नाही. तिथे करवंदीच्या जाळ्या आहेत, त्या जाळ्यांच्या पोटात शेरडांपासून लपून करंजाची आणि जांभळाची रोपं आपोआप वर येतात. तुमची माणसं खड्ड्यांसाठी ‘झुडपं साफ’ करतात, तेव्हा दहा वर्षांनी जे रान होणार होतं तेच कापलं जातं. त्या उताराला रोपांची गरजच नाही. गरज आहे ती फेब्रुवारीत जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढण्याची आणि आग लागू न देण्याची. दर वर्षी वणवा टळला तर डोंगर स्वतःच झाडं लावतो. पण जाळरेषेचं उद्घाटन करता येत नाही, ही तिची अडचण.

चिखलही रिकामा नाही. ओहोटीला आमच्या बायका त्यात उतरतात. निवट्या, तिसऱ्या, चिंबोऱ्या, खडकावरची कालवं. कित्येक घरांतलं संध्याकाळचं कालवण तिथून येतं. पक्ष्यांचंही पोट त्याच चिखलावर. तिथे कांदळवनाची रोपं रांगेत खोचणं हे पुण्याचं काम वाटतं, पण तिवराची आणि कांदळाची बी भरतीबरोबर स्वतः येते, जिथे रुजायचं तिथे रुजते. उघडा राहिलेला चिखल बहुतेक वेळा उघडा राहायचाच असतो. कांदळवन वाढवायचं असेल तर त्याच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या आणि दोऱ्या काढा, आणि भरतीचं पाणी आत-बाहेर करू द्या. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली आणि तेल आमच्या किनाऱ्यापर्यंत आलं. त्या वेळी तिवरांच्या श्वासमुळांवर काळा लेप बसला होता. त्यांना हात लावायला कोणी आलं नाही तरी चालेल, पण उभं आहे ते तुडवू नका.

आणि लेण्यांच्या वरचा भाग. तिथे तर देशी झाडही नको. वड, पिंपळ, उंबर ही आपली पूज्य झाडं आहेत, पण त्यांची मुळं कातळाची फट शोधतात आणि फट रुंद करतात. हजार-दीड हजार वर्षांचं कोरीवकाम खाली असताना वर पिंपळ लावणं ही भक्ती नाही. मोराबंदरच्या बाजूला जुन्या वस्तीचे अवशेष मिळालेले आहेत, वर टेकडीवर विटांचा स्तूप आहे. यंत्राने सरसकट खड्डे मारण्याचा हा प्रदेश नव्हे. संबंधित खात्याची लेखी परवानगी खड्ड्याआधी घ्यायची असते, फोटोनंतर नाही.

चौथं, पाण्याचं. बेटावर नदी नाही. आकाशातून पडलेलं पाणी बंधाऱ्यात आणि विहिरीत साठतं, त्यावरच पुढचा पावसाळा गाठायचा. मार्चनंतर घरात कोणाची आंघोळ कधी, याचाही हिशेब असतो. अशा वेळी तुमची हजारो रोपं आमच्या भरवशावर सोडून तुम्ही जाता. एका रोपाला आठवड्याला एक कळशी म्हटली तरी हजार रोपांना हजार कळशा, त्याही चढावर. त्या तुम्ही कोणी वाहिलेल्या नाहीत. रोप लावायला लागतात दहा मिनिटं, ते आपल्या पायावर उभं राहायला लागतात निदान तीन उन्हाळे. माकडं कोंब उपटतात, शेरडं शेंडा खुडतात, आळं बुजतं, गवत चढतं. करवंदीच्या काट्यांचं कुंपण, मुळाशी पालापाचोळा, मडक्याला भोक पाडून वात लावून केलेलं थेंब-थेंब पाणी, हे आम्ही करतो. म्हणून आम्ही थोडी रोपं लावतो. जेवढी राखता येतील तेवढीच.

पाचवं थोडक्यात: रोपांच्या काळ्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, नाश्त्याचे डबे आणि फ्लेक्स. ते तुमच्याच लाँचमधून परत जायला हवेत. जात नाहीत.

यावर तुमच्याकडून नेहमी येणारी दोन उत्तरं मला माहीत आहेत.

एक, ‘काहीच न लावण्यापेक्षा बरं’. नाही. फसलेल्या लागवडीत जाळ्या तुटतात, पाणी जातं, आणि पुढच्या वर्षी गावातल्या पोराला रोप लावायला बोलावलं तर ते म्हणतं, कशाला, मरतंच ना. तुमचा फलक तेवढा गंजेपर्यंत उभा असतो. आकड्यांची ही हौस राज्यालाही लागली होती. 2016 मध्ये दोन कोटी, मग चार, मग तेरा आणि 2019 ला तेहेतीस कोटी झाडांचं उद्दिष्ट. पुढे त्या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. सरकारला जे जड गेलं ते एका दिवसाच्या सहलीत कसं साधेल?

दुसरं उत्तर: ‘सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा, पैसा त्याच वर्षी संपवावा लागतो, देखभालीला तरतूद नसते’. हे मी तपासून पाहिलं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकारावरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. पण 2021 मध्ये नियम बदलले. काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं तर सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं नेता येतं, न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून. तीन वर्षं! म्हणजे आमचे तीन उन्हाळे कायद्यात बसतात. बसत नाहीत ते तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत.

आणि हे होतं का कुठे? होतं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळ तिरितिरी मातांगी नावाचं सुमारे 220 हेक्टरचं बेट आहे. चराईने उघडं पडलेलं. 1984 पासून दहा वर्षं साध्या माणसांनी, शाळेच्या पोरांपासून निवृत्तांपर्यंत, तिथे अडीच-तीन लाख देशी रोपं लावली. रोपवाटिका बेटावरच होती. आणि सगळं बेट त्यांनी भरून टाकलं नाही, बराच भाग मुद्दाम गवताचा ठेवला, कारण गवतात राहणारे पक्षीही त्यांना हवे होते. त्यांच्याकडे माकडं नाहीत आणि मार्चमधली आमची विहीर नाही, हे मान्य. पण बी कुठलं, जागा कुठली आणि पुढची वर्षं कोणाची, हे त्यांनी पहिल्या खड्ड्याआधी ठरवलं होतं. आम्ही त्याहून वेगळं काही मागत नाही.

तर आमचं म्हणणं असं.

5 जूनचा कार्यक्रम पुढे ढकला. जुलैचा दुसरा आठवडा उजाडल्यावर, ओल बघून, आणि लाँच चालू असतील तेव्हा या.

रोपांची यादी रद्द करा. बी बेटावरचं, आणि तेवढं पुरलं नाही तर उरण, कर्नाळा, अलिबाग या आसपासच्या भागातलं. मोठी लागवड करायचीच असेल तर एक वर्ष आधी सांगा, रोपं आम्ही करू, त्याचे पैसे रोपवाटिकेत राबणाऱ्या बायकांना द्या.

गवताचा उतार, ओहोटीचा चिखल आणि लेण्यांच्या वरचा भाग यांत एकही खड्डा नको. जागा आमच्यापैकी कोणाबरोबर तरी चालून ठरवा, नकाशावर नव्हे. ज्याची जमीन असेल त्याची आणि ज्या खात्याचा अधिकार असेल त्याची परवानगी कागदावर आणा, आणि तो कागद गावात लावा.

एकूण खर्चातला अर्धा तरी राखणीला ठेवा: बेटावरच्या एका-दोघांना तीन वर्षांचा पगार, पावसाचं पाणी साठवायला टाक्या, आणि जाळरेषेचा खर्च. याला पैसा नसेल तर रोपं कमी करा. शंभर राखता येत असतील तर शंभरच लावा.

मोजणी लागवडीच्या दिवशी करू नका. तिसऱ्या वर्षी मे संपताना करा, गावकऱ्यांसमोर, आणि आकडा जो असेल तो तुमच्या अहवालात छापा. कमी आला तरी छापा, त्यातून पुढच्याला तरी शिकता येईल.

आम्ही अडवायला बसलेलो नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल येऊन आमच्या घरांत वीज पोचली. तोवर जनरेटरवर भागवलं. वाट बघण्याचा आम्हाला सराव आहे, झाडांच्या बाबतीत तर घाई नाहीच. येणाऱ्या माणसाला आम्ही कुदळ-फावडं देतो, जेवायला भात-कालवण देतो, आणि चांगले हात मिळाले तर मनापासून आनंद होतो. तुमच्या कार्यालयांतली काही मुलं कार्यक्रमानंतर एकेकटी परत आली आहेत, आळी करून, गवत काढून गेली आहेत. त्यांच्याशी बोला. त्यांना हे सगळं कळतं.

या पत्राचं उत्तर मे संपायच्या आत लेखी द्यावं. ते आम्ही गावातही वाचून दाखवू. उत्तर आलं नाही, किंवा यादी आणि जागा तशीच राहिली, तर 5 जूनला खड्डे मारायला आमच्या गटातलं कोणी येणार नाही, आणि त्या रोपांना पाणी घालण्याची जबाबदारी आम्ही घेतलेली नाही, हे आजच सांगून ठेवतो.

आपला,
घारापुरीच्या रोपवाटिकेतला एक जण